चार वेळा ‘आय’ लिहिला की चूक, मग घड्याळात तो बरोबर कसा?

बालभारतीचं गेली काही वर्षं वापरात असलेलं पाचवीचं गणिताचं पुस्तक उघडलं की पहिलाच धडा रोमन संख्याचिन्हांचा लागतो. ‘आय’ म्हणजे एक, ‘व्ही’ म्हणजे पाच, ‘एक्स’ म्हणजे दहा. मोठ्या चिन्हाच्या उजवीकडे लहान चिन्ह आलं तर मिळवायचं, डावीकडे आलं तर वजा करायचं. ‘आय’ आणि ‘एक्स’ सलग तीनपेक्षा जास्त वेळा लिहायचे नाहीत, ‘व्ही’ तर दोनदाही नाही. मुलं हे पाठ करतात, शिष्यवृत्तीच्या सराव प्रश्नपत्रिकेत चारपैकी एक गोल काळा करतात आणि पुढच्या धड्याकडे वळतात.

एखादं चौकस पोर मात्र घरी गेल्यावर आजोबांच्या लंबकाच्या घड्याळाकडे बघतं. तिथे चारच्या जागी चक्क चार ‘आय’ उभे असतात. बाई बरोबर की घड्याळ बरोबर? घरात याचं उत्तर सहसा कुणाकडे नसतं. ‘परीक्षेत बाईंनी सांगितलंय तसंच लिही,’ असं म्हणून विषय मिटवला जातो.

हा विषय असा मिटवण्यासारखा नाही. कारण त्या घड्याळात, पाचवीतल्या मुलाच्या एका नेहमीच्या चुकीत आणि कोल्हापूरच्या टाऊन हॉलमध्ये ठेवलेल्या एका छोट्या मूर्तीत संख्या लिहिण्याची एकच गोष्ट दडलेली आहे. ती वर्गात सांगितली जात नाही आणि त्यामुळे नुकसान गणिताचंच होतं.

हे नियम रोमन लोकांना तरी माहीत होते का?

पूर्णपणे नाही. रोमचं कलोसियम इ.स. ८० मध्ये खुलं झालं. प्रेक्षकांनी कुठल्या दारातून आत जायचं हे कळावं म्हणून कमानींवर क्रमांक कोरले होते. त्यातले काही अजून वाचता येतात. त्यातलं ४४ क्रमांकाचं दार पाहण्यासारखं आहे. चाळीससाठी ‘एक्स’ आणि ‘एल’, म्हणजे पन्नासातून दहा वजा. आणि चारसाठी मात्र चार ‘आय’. एकाच संख्येत वजाबाकीही आणि चार वेळा पुनरावृत्तीही. आजच्या शिष्यवृत्ती परीक्षेत कलोसियमच्या कारागिराचा गुण गेला असता.

इ.स. ९ मध्ये जर्मनीच्या जंगलात मारल्या गेलेल्या एका रोमन अधिकाऱ्याचं स्मारक सापडलं आहे. त्यावर त्याच्या अठराव्या पलटणीचा क्रमांक एक ‘एक्स’, मग दोन ‘आय’ आणि पुन्हा ‘एक्स’ असा कोरलेला आहे. म्हणजे दहा, आणि त्यापुढे दहाला दोन कमी. पुस्तकातल्या नियमाप्रमाणे हेही चूकच.

सलग तीनपेक्षा जास्त नको, वजा करायचं तर ठरावीक जोड्यांमध्येच, हे शिस्तीचे नियम पुढच्या काळात पक्के झाले. घड्याळजींनी जुनी सवय ठेवली. तबकडीवर समोरच्या आठच्या लांबलचक चिन्हाला चार ‘आय’ तोलून धरतात, हे एक कारण सांगितलं जातं. राजेरजवाड्यांच्या हट्टाच्या गोष्टीही सांगितल्या जातात. लंडनच्या बिग बेनवर मात्र चार हा अंक पुस्तकी पद्धतीनेच आहे. तेव्हा घड्याळ बरोबर आणि बाईही बरोबर. फक्त ‘असं का’ हा प्रश्न चुकीचा नाही, एवढं त्या पोराला कुणीतरी सांगायला हवं.

एकोणीस म्हणताना मूल काय करतं?

डावीकडचं चिन्ह वजा करायचं, ही कल्पना मुलांना अवघड जाते अशी शिक्षकांची तक्रार असते. वास्तविक मराठी मुलाला ती सर्वात सोपी जायला हवी. एकोणीस म्हणजे एकाने उणे वीस. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, थेट एकोणनव्वदपर्यंत हीच रीत आहे. लॅटिनमध्ये एकोणीसचा शब्द तंतोतंत असाच आहे, ‘विसातून एक’. अठरालाही ते ‘विसातून दोन’ म्हणत. म्हणजे पलटणीचा क्रमांक कोरणारा गवंडी काही अडाणी नव्हता. वजाबाकीने संख्या सांगायची सवय त्याच्या जिभेवरच होती.

आता मराठी मुलाने एकोणपन्नास रोमन अंकांत लिहिताना पन्नासच्या ‘एल’च्या डावीकडे एक ‘आय’ ठेवला, तर तो त्याच्या भाषेला धरून अगदी बरोबर विचार करत असतो. नियम मात्र सांगतो की ‘आय’ फक्त ‘व्ही’ आणि ‘एक्स’मधूनच वजा करायचा, म्हणून आधी चाळीस, मग नऊ. हे उत्तर चूक ठरवायला हरकत नाही, पण का चूक ठरवलं हे सांगताना एकोणपन्नास या शब्दाची फोड करून दाखवली तर वर्ग पाच मिनिटं हसेल आणि नियमही लक्षात राहील. मराठी शाळेचा हा फुकटचा फायदा आहे, तो कुणी घेत नाही.

मराठी संख्यानामांवरून २०१९ मध्ये केवढा गदारोळ झाला होता, हे अनेकांना आठवत असेल. दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘बावीस’बरोबर ‘वीस दोन’ असंही वाचन दिलं होतं. विधानसभेपासून व्हॉट्सॲपपर्यंत टिंगल झाली. गणित विषय समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांचं म्हणणं साधं होतं: आपण लिहितो दशक आधी आणि बोलतो एकक आधी, तिथे लहान मुलं अडखळतात. टिंगलीच्या आवाजात ते बाजूलाच पडलं. गंमत म्हणजे रोमन पद्धतीत बावीस लिहायचे तर दोन ‘एक्स’ आणि दोन ‘आय’, म्हणजे ‘वीस दोन’च. ज्या पालकांनी त्या पुस्तकावर विनोद फॉरवर्ड केले, त्यांच्याच घरातलं मूल तीन वर्षांनी पाचवीत गेल्यावर वीस दोन लिहायला शिकलं, आणि तेव्हा कुणाला हसू आलं नाही.

‘एकशे पाच’ लिहा म्हटल्यावर १००५ का येतं?

प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या कुणालाही विचारा, ही चूक ओळखीची आहे. फळ्यावर ‘एकशे पाच’ लिहायला सांगितलं की काही मुलं आधी १०० लिहितात आणि त्याला चिकटून ५. झाले १००५. मुलाला आळशी ठरवून दहा वेळा लिहायला लावतात.

मूल आळशी नसतं. ते ऐकलेलं लिहीत असतं: शंभर, आणि पाच. रोमन माणूसही अगदी हेच करायचा. शंभरचा ‘सी’ लिहायचा आणि शेजारी पाचचा ‘व्ही’. त्याचं उत्तर बरोबर यायचं, कारण त्याच्या पद्धतीत ‘सी’ कुठेही लिहिला तरी शंभरच राहतो. आपल्या पद्धतीत १ या अंकाला स्वतःची ठरलेली किंमत नाही. तो कुठे बसला आहे त्यावर ती ठरते. दशकाच्या घरात कुणी नाही हे दाखवायला तिथे शून्य बसवावं लागतं. रोमन पद्धतीत रिकामं घरच नाही, मग ते भरायला चिन्ह कशाला?

रोमन अंकांचा धडा शिकवायचा तो याचसाठी. १००५ लिहिणाऱ्या मुलाच्या वहीत लाल फुली मारण्याऐवजी त्याला ‘सी’ आणि ‘व्ही’ लिहायला लावलं, की त्याला दिसतं की त्याचा विचार एका जुन्या, चालत्या पद्धतीतला होता आणि आपली पद्धत त्याच्यापुढचं एक पाऊल आहे. स्थानिक किंमत ही व्याख्या म्हणून पाठ होते, पण ती नसेल तर काय होतं हे पाहिल्यावरच समजते.

हातचाही असाच. गुळाच्या अडतीवर एका गाडीतून ४८ रवे उतरले आणि दुसरीतून २७. वजाबाकीची युक्ती न वापरता रोमन अंकांत मांडलं, तर पहिल्या संख्येत चार ‘एक्स’, एक ‘व्ही’ आणि तीन ‘आय’. दुसरीत दोन ‘एक्स’, एक ‘व्ही’ आणि दोन ‘आय’. सगळी चिन्हं एका ढिगात ओतायची. पाच ‘आय’ झाले, त्यांचा एक ‘व्ही’ करायचा. आता ‘व्ही’ तीन झाले, त्यातल्या दोघांचा एक ‘एक्स’. ‘एक्स’ झाले सात, त्यातल्या पाचांचा एक ‘एल’. उरले एक ‘एल’, दोन ‘एक्स’, एक ‘व्ही’: पंचाहत्तर. सुट्टे देऊन नोट घेण्यासारखाच व्यवहार, आणि हातचा म्हणजे तरी दुसरं काय? रोमन लोक हे प्रत्यक्षात खड्यांनी, पाटीवर करत. लॅटिनमध्ये त्या छोट्या खड्याला ‘कॅल्क्युलस’ म्हणतात. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला छळणाऱ्या विषयाचं नाव तिथूनच आलं. आपल्या शाळेत खड्यांची जागा चिंचोक्यांनी घेतली होती, एवढाच फरक.

गुणाकार मात्र या पद्धतीत कागदावर करून बघावाच. मोठ्या संख्या लिहिणंही सोपं नाही. १८८८ हे साल आपण चार अंकांत लिहितो, रोमनमध्ये त्याला तेरा अक्षरं लागतात.

यात कोल्हापूर कुठे आलं?

पंचगंगेच्या काठावरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४०च्या दशकात उत्खनन झालं. १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या वतीने डॉ. ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथे काम केलं. ब्रह्मपुरीच्या सातवाहनकालीन थरांनी या गावाचं वय एकदम मागे नेलं. तिथे सापडलेल्या ब्राँझच्या वस्तूंमध्ये एक छोटी मूर्ती होती, पॉसायडन या समुद्रदेवतेची. वीतभरही उंच नसलेली ही मूर्ती रोमन जगातून आलेली, साधारण इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातली मानली जाते. आज ती टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात आहे. म्हणजे कलोसियमच्या दारांवर क्रमांक कोरले जात होते, साधारण त्याच काळात रोमन बनावटीचा माल सह्याद्री ओलांडून पंचगंगेपर्यंत पोहोचत होता.

आता सोशल मीडियावरचा आवडता दावा: रोमन लोकांना शून्य माहीत नव्हतं, आपल्याला होतं. पॉसायडन कोल्हापुरात आला तेव्हा आपण कसं लिहीत होतो हे बघायचं तर जुन्नरजवळच्या नाणेघाटात जावं लागतं. तिथे सातवाहन राणी नागनिकेच्या लेखात यज्ञांच्या दक्षिणेची यादी कोरली आहे, गाई, घोडे, नाणी. आणि त्यांचे आकडे. भारतातल्या सर्वात जुन्या अंकलेखनांपैकी हे एक. त्या ब्राह्मी अंकांत दहासाठी वेगळं चिन्ह होतं, विसासाठी वेगळं, ऐंशीसाठी वेगळं, शंभर आणि हजारासाठीही वेगळी. १८९ लिहायचे तर शंभराचं, ऐंशीचं आणि नऊचं अशी तीन चिन्हं एकापुढे एक. शून्य नाही, स्थानिक किंमत नाही. एकशे पाच तेव्हा इथेही ‘शंभर, पाच’ असेच लिहिले जात.

म्हणजे त्या व्यवहारात विकणारा आणि घेणारा दोघेही या बाबतीत एकाच पायरीवर होते. पुढची पायरी भारताने चढली हे खरं, पण त्याला शतकं लागली. ब्रह्मगुप्ताने शून्याशी बेरीज-वजाबाकी करण्याचे नियम लिहिले ते इ.स. ६२८ मध्ये. ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरातल्या इ.स. ८७६ च्या शिलालेखात २७० आणि ५० हे आकडे आजच्यासारखे, शून्यासह कोरलेले दिसतात. अभिमान बाळगायचा तर या चढणीचा बाळगावा. पूर्वजांना सगळं पहिल्यापासूनच येत होतं असं मानलं की ती चढण दिसतच नाही.

आणि फ्लॉरेन्सचा काय संबंध?

कोल्हापूरकरांना फ्लॉरेन्स माहीत आहे ते राजाराम महाराजांमुळे. युरोपच्या दौऱ्यावर गेलेले हे तरुण छत्रपती परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबर १८७० रोजी त्या शहरात वारले. आर्नो नदीच्या काठी त्यांचे अंत्यसंस्कार झाले आणि १८७४ मध्ये तिथल्या कॅशीने बागेत छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा बसवला गेला.

याच शहरात १२९९ मध्ये सराफ-सावकारांच्या संघाने एक नियम केला होता: हिशेबाच्या वह्यांत ते नवे, पूर्वेकडून आलेले अंक वापरायचे नाहीत, रक्कम अक्षरांत लिहायची. पिसाच्या लिओनार्दो फिबोनाचीने आपल्या पुस्तकातून हे भारतीय अंक इटलीला समजावून सांगितले ते १२०२ मध्ये. तरी जवळपास शंभर वर्षांनंतरही सावकार धास्तावलेलेच होते. शून्याला शेपूट काढून सहा किंवा नऊ करणं सोपं, हे त्यामागचं कारण सांगितलं जातं. भीती खोटी म्हणता येणार नाही. बँकेच्या चेकवर आकड्यांत रक्कम लिहूनही ‘अक्षरी रुपये’ लिहावे लागतात, ते आजही याच भीतीपोटी.

राजाराम महाराजांच्या नावापुढे कितवा आकडा लावायचा, हाही एक रोमन अंकांचाच घोळ आहे. इंग्रजी लिखाणात राजांच्या नावापुढे रोमन आकडा लावायची पद्धत. फक्त कोल्हापूरच्या गादीपासून मोजलं तर फ्लॉरेन्सचे राजाराम पहिले. शिवछत्रपतींचे पुत्र राजाराम यांच्यापासून मोजलं तर दुसरे. साताऱ्याच्या गादीवरचे रामराजेही मोजले तर तिसरे. १९२२ ते १९४० या काळात गादीवर असलेल्या राजाराम महाराजांचा आकडा मग त्याच हिशेबाने पुढे सरकतो. वेगवेगळ्या पुस्तकांत वेगवेगळे आकडे दिसतात, आणि चिन्ह बरोबर लिहूनही उत्तर कसं चुकू शकतं याचं इतकं जवळचं उदाहरण कोल्हापूरच्या मुलांना दुसरं मिळणार नाही.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. एलिझाबेथ राणीच्या नावाची अक्षरं आणि ‘दुसरी’चे दोन ‘आय’ असलेली टपालपेटी एडिंबरात बसवली, तेव्हा स्कॉटलंडमध्ये पहिली एलिझाबेथ झालीच कधी, असा वाद पेटला आणि फेब्रुवारी १९५३ मध्ये ती पेटी चक्क स्फोटाने उडवण्यात आली. कोल्हापूरने सोपा मार्ग काढला. १८८० मध्ये कॉलेजला नाव दिलं राजाराम कॉलेज, आकडा लावलाच नाही.

मग हा धडा हवा की नको?

नको म्हणणाऱ्यांचा मुद्दा दुर्लक्ष करण्यासारखा नाही. मोबाइलमध्ये कुठलीही संख्या टाकली की रोमन रूप क्षणात समोर येतं. रोजच्या व्यवहारात हे अंक उरलेत तरी किती? घड्याळ, पुस्तकाच्या प्रस्तावनेची पानं, वहीवरची इयत्ता, रसायनशास्त्रात लोहाच्या नावापुढचा कंस, सिनेमाचा दुसरा-तिसरा भाग. अमेरिकेतल्या सुपर बोल स्पर्धेने २०१६ मध्ये पन्नासाव्या सामन्याला नुसता ‘एल’ लावायचं टाळून साधं ५० लिहिलं. शिष्यवृत्ती परीक्षेत गणिताचे ५० प्रश्न, १०० गुण. त्यात रोमन अंकांच्या वाट्याला फारच थोडे येतात. तेवढ्यासाठी नियम घोकायचे असतील तर धडा खरोखरच काढून टाकलेला बरा.

उलट बाजूने, हाच प्रश्न पुढे भेटतोही. लीटकोडवर कोडिंगचा सराव करणाऱ्या प्रत्येकाला तेराव्या क्रमांकाचा प्रश्न माहीत असतो: रोमन संख्येचं साध्या संख्येत रूपांतर करणारा प्रोग्राम लिहा. त्यात अडकणारी बरीच मुलं पाचवीत या धड्यात पैकीच्या पैकी मिळवलेली असतात. नियम पाठ होते. डावीकडचं चिन्ह उजवीकडच्यापेक्षा लहान आहे का, एवढीच तुलना सगळं चालवते, हे कधी बघितलेलं नव्हतं.

धडा ठेवावा, पण शिकवण्याचा क्रम उलटा करावा. नियम शेवटी. आधी घड्याळ, मग एकोणीस हा शब्द, मग चिंचोक्यांचा ढीग. जिल्हा परिषदेच्या शाळांना यासाठी वेगळा निधी लागत नाही. पहिली ते आठवीला ‘आनंददायी शनिवार’ दिलेलाच आहे. त्यातला एक शनिवार शहरातल्या आणि करवीरच्या शाळांनी टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयासाठी राखून ठेवावा. पॉसायडनच्या कपाटासमोर मुलांना उभं करावं आणि वहीत एकशे पाच ही एकच संख्या तीन प्रकारे लिहायला सांगावी: ही मूर्ती घडवणाऱ्याने कशी लिहिली असती, नाणेघाटातल्या कारागिराने कशी लिहिली असती आणि आपण कशी लिहितो. ज्याने वर्गात १००५ लिहिलं होतं, त्याला पहिल्यांदा उत्तर द्यायला उभं करावं.